जून-जुलैच्या दोऱ्या

गरिबीवर प्रदर्शन म्हटलं की मुलं आधी फोटो शोधतात. फाटक्या सदऱ्यातलं पोर, गळकं छप्पर, रिकामी थाळी. उत्तन या समुद्राकाठच्या गावात नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या गटानंही तेच केलं होतं. थर्माकोलची झोपडी, 'गरिबी हटाओ'ची घोषणा, आणि वर तेंडुलकर समितीची दारिद्र्यरेषा: २०११-१२ साली शहरात माणशी महिन्याला हजार रुपये. शाळेत अशा मांडणीला बक्षीस मिळतं, ही आणखी एक अडचण.

मी म्हटलं, ज्यांच्यावर केलंय त्यांना आधी दाखवा. बोंबील सुकवणाऱ्या बायकांना बोलवा, आणि समजावायला तुम्ही अवाक्षरही काढू नका. माणूस कुठं थांबतो, कुठून सरळ पुढं जातो, एवढंच वहीत टिपा. गप्प बसणं मुलांना फार जड गेलं म्हणे.

झोपडीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं म्हणणं, उधारी काय, स्लॅबच्या घरातही असते. एक मावशी मात्र जमाखर्चाच्या तक्त्यापाशी थांबल्या. "यात जून-जुलै कुठं हाय?" मुलांनी एका महिन्याची कमाई धरून बारानं गुणली होती. १ जूनपासून मासेमारीबंदी लागते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, हे समुद्राकाठी वाढलेल्या पोरांना ठाऊक नव्हतं असं थोडंच? पण पुस्तकातली गरिबी मांडताना गाव डोळ्यांआड होतं. मग अवकाळी पावसाचा विषय निघाला. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील भिजले की मालाचं नुकसान मालकाचं, पण रोज बुडतो तो सुकवणारीचा. एप्रिल २०२५मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. रोजावर राबणारीच्या पदरात त्यातलं काय पडतं, हे मावशींनी विचारलं आणि गट निरुत्तर झाला. उत्तन महापालिकेच्या हद्दीत, म्हणून अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी उत्पन्नाची मर्यादा शहरी: कुटुंबाला वर्षाला ५९,००० रुपये. महिन्याला पाच हजारांहूनही कमी. हा आकडा मुलांनी झोपडीच्या जागी लावला, ते बरं केलं.

१९०६ साली लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये 'डेली न्यूज'नं असं एक प्रदर्शन भरवलं होतं. घरबसल्या काड्यापेट्या बनवणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या बायकांना तिथंच कामाला बसवलं आणि त्यांचे तास नि मजुरी छापून लोकांसमोर ठेवली. १९०९मध्ये काही धंद्यांत किमान वेतन ठरवणारा कायदा आला, त्यामागे या प्रदर्शनाचाही हात होता. जिवंत माणसं मांडून ठेवणं मला आजही खटकतं. मजुरीचा हिशेब मांडणं मात्र नाही.

मुलांच्या प्रदर्शनात दुसऱ्या खेपेला तक्ता गेला, बारा दोऱ्या आल्या. ज्या महिन्यात जशी कमाई तसे कागदी बोंबील, जून-जुलै मोकळे. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल असं. पालघरच्या पाड्यावरून आलेल्या एका खलाशानं ते पाहिलं, मान हलवली, आणि ऑक्टोबरच्या दोरीवरचे चार-पाच बोंबील काढून थेट जूनच्या दोरीवर टांगले. मुलं बघतच राहिली. "उचल घेतलीय ना शेठकडनं," तो म्हणाला. ऑक्टोबरची कमाई त्यानं पावसाळ्यातच खाऊन टाकली होती.

तेव्हापासून बोंबील चिकटवलेले नाहीत, चिमट्यांनी लावलेत. येणाऱ्यानं आपल्या हिशेबानं हलवायचे. खलाशी आणि सुकवणाऱ्या बायका यांच्या दोऱ्या एकमेकींशी जुळत नाहीत. दोन बायकांच्याही जुळल्या नाहीत. परीक्षकांनी सरासरी काढून एकच फलक लावायला सांगितलंय. गटात त्यावरून सध्या जोरदार भांडण चालू आहे, आणि भाची सरासरीच्या विरोधात आहे.