श्लोक म्हणायचा असतो, लावायचा नसतो

जेवणाआधी मोबाइलवर 'वदनी कवळ' लावून गप्प बसणाऱ्यांनी तो लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही म्हणाल, शब्द तर तेच ना? काय फरक पडतो? पडतो राव!

हा श्लोक मालिनी वृत्तात आहे. ओळीला 15 अक्षरं, पहिली सहा लघु. म्हणजे ओळ धावत सुटते, आठव्या अक्षरावर थांबते आणि उरलेली सात संथ चालतात. (म्हणून गाताना 'वदनि'च, छापताना काहीही करा.) मनाच्या श्लोकांची भुजंगप्रयाताची चाल याला लावून बघा, बसणारच नाही. हे कळतं ते श्वासाला. घरातले चौघं एकाच जागी श्वास घ्यायला थांबले, की भुकेलं पोरही घास हातात धरून थांबतं. स्पीकरला ना भूक, ना श्वास.

'धार्मिक आहे, नको' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ते निदान खरं बोलतात.

काही कॅथलिक घरांत आजही जेवणाआधी लॅटिन प्रार्थना गातात. ती कुणाचीच बोलभाषा नाही, 1962-65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चमधूनही बरीच मागे पडली. तरी शिकून गातात. आपल्याला तर मराठीत आयतं मिळालंय!

आणि आमचं उंब्रज? समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक गावात, चाफळ जवळच. माझ्या साडेचार वर्षांच्या पुतणीला श्लोक येत नाही, तो कुठलं बटण दाबल्यावर लागतो ते येतं. येत्या शनिवारी दादाचा फोन मी फ्रीजवर ठेवणार आहे. चिडला तर चिडू दे.