मोन्फाल्कोनेचा नवा महापौर आणि मत नसलेले शेजारी

13 आणि 14 एप्रिल 2025 रोजी ईशान्य इटलीतल्या मोन्फाल्कोने शहरात महापौरपदाची निवडणूक झाली. लेगा या उजव्या पक्षाचे लुका फाझान सुमारे 70 टक्के मतं घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आले. डावीकडे झुकलेल्या आघाडीचे दिएगो मोरेत्ती खूप मागे राहिले. तिसरे उमेदवार होते बू कोनाते. मूळचे सेनेगलचे, पेशाने अभियंता, मुसलमान, आणि पूर्वी याच शहराचं सार्वजनिक बांधकाम खातं सांभाळलेले. त्यांच्या ‘इटालिया प्लुराले’ (बहुविध इटली) या नव्या यादीला 3 टक्के मतंसुद्धा मिळाली नाहीत.

आता दुसरा आकडा पाहा. सुमारे 30 हजार लोकवस्तीच्या या शहरात जवळपास एक तृतीयांश लोक परदेशी नागरिक आहेत. त्यांत सर्वांत मोठा समाज बांगलादेशी मुसलमानांचा. एक तृतीयांश आणि 3 टक्के हे दोन आकडे शेजारी ठेवले की आपल्यातले अनेक जण एका दमात निष्कर्ष काढतील: बघा, मुसलमानांत एकीच नाही. हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते तपासायची सवयच सुटली आहे. मला वाटतं, मोन्फाल्कोनेची गोष्ट नीट समजून घेतली तर ते इथे लागू पडत नाही हे दिसेल, आणि त्याहून महत्त्वाचं काहीतरी हाती लागेल.

मोन्फाल्कोने हे एड्रियाटिक समुद्रकाठचं जहाजबांधणीचं गाव. फिंकान्तिएरी कंपनीच्या गोदीत जगातली मोठमोठी प्रवासी जहाजं तयार होतात. या कंपनीत सर्वांत मोठा हिस्सा इटलीच्या सरकारी वित्तसंस्थेचा आहे. वेल्डिंग, रंगकाम, पाइप बसवणं, आतली सजावट अशी कामं ठेकेदार आणि उपठेकेदारांमार्फत होतात. स्थानिक तरुण त्या मजुरीवर ती कामं करायला तयार होईनात, तेव्हा 1990च्या दशकाच्या शेवटापासून बांगलादेशी कामगार येऊ लागले. मग बायका-मुलं आली, किराणा दुकानं उघडली, शाळांचे वर्ग भरले, नमाजसाठी दोन केंद्रं उभी राहिली. म्हणजे ही वस्ती कुणी चोरपावलांनी वसवलेली नाही. गोदीच्या गरजेने ती आली.

हे शहर अनेक वर्षं डाव्यांचं होतं. कामगारांचं शहर म्हटल्यावर ते स्वाभाविकच. 2016 मध्ये लेगाच्या आना मारिया चिसिंत महापौर झाल्या आणि चित्र पालटलं. 2018 मध्ये बालवाडीच्या वर्गांत परदेशी मुलांचं प्रमाण 45 टक्क्यांपर्यंतच ठेवायचं ठरलं. बांगलादेशी माणसं जिथे गप्पा मारत बसत, त्या मुख्य चौकातले बाक हलवले गेले. शहरात क्रिकेट खेळायला मनाई झाली, खेळलात तर दंड. नोव्हेंबर 2023 मध्ये दोन्ही इस्लामी केंद्रांत नमाज बंद करण्यात आली. कारण दिलं गेलं नगररचनेचं: या इमारतींचा परवाना प्रार्थनास्थळाचा नाही. त्यानंतर काही काळ लोकांनी उघड्या आवारात, उन्हातान्हात जुमा अदा केला.

कोणत्याही पालिकेला इमारतीच्या वापराचे नियम लावायचा अधिकार आहे, हे मान्य करायला हवं. पण नियम आणि डाव यांतला फरक जागेचा पर्याय दिला जातो की नाही यावरून कळतो. इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही 2024 मध्ये दोन्ही बाजूंना एकत्र बसून प्रार्थनेच्या जागेचा मार्ग काढायला सांगितलं. इटलीच्या राज्यघटनेचा 19वा अनुच्छेद धर्मपालनाचं स्वातंत्र्य देतो. 8व्या अनुच्छेदानुसार कॅथलिकेतर धर्मांना राज्याशी करार करता येतो. ज्यू, बौद्ध, हिंदू संघटनांचे असे करार झाले आहेत. इस्लामचा अजून झालेला नाही. त्यामुळे मशिदीचा प्रश्न आला की तो त्या त्या शहराच्या महापौराच्या टेबलावर जाऊन पडतो.

शहरातल्या इटालियन रहिवाशांच्या तक्रारी सगळ्याच खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. उपठेकेदारीमुळे मजुरी खाली आली, घरभाडी वाढली, भाषा न येणाऱ्या मुलांनी वर्ग भरले आणि शिक्षक मात्र तेवढेच राहिले. खुद्द चिसिंत यांनीही गोदीच्या या पद्धतीवर टीका केली आहे. पण गोदीच्या ठेकेदारीला हात घालणं अवघड, चौकातले बाक उचलणं सोपं. मजुरीचा प्रश्न मागे पडला, बुरख्याचा पुढे आला. 2022 मध्ये चिसिंत पुन्हा सहज निवडून आल्या आणि जून 2024 मध्ये थेट युरोपीय संसदेत गेल्या. फाझान हे त्यांच्याच चमूतले. महापौर बदलला, सत्तेचा पाया तोच राहिला.

हा पाया कशाचा आहे? माझं उत्तर असं: ज्यांच्याविरुद्ध बोललं जातं, त्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नाही. इटलीत पालिका निवडणुकीत इटालियन नागरिक आणि युरोपीय संघातल्या देशांचे नागरिक मत देऊ शकतात. रुमानियाहून आलेला कामगार नाव नोंदवून महापौर निवडू शकतो. त्याच्या शेजारी वीस वर्षं वेल्डिंग करणारा, कर भरणारा बांगलादेशी कामगार निवडू शकत नाही. 1992च्या कायद्याप्रमाणे युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला नागरिकत्वासाठी 10 वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं, आणि अर्ज केल्यावरची प्रतीक्षा वेगळी. इटलीत जन्मलेल्या परदेशी पालकांच्या मुलालाही 18 वर्षं सलग तिथे राहून, पुढच्या एका वर्षाच्या आत नागरिकत्व मागावं लागतं. म्हणजे ज्या बालवाडीत 45 टक्क्यांची मर्यादा लागली, तिथल्या मुलाचं मत मतपेटीत पडायला पंधरा वर्षं तरी जायची.

शिवाय एक गळती आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. इटलीचं पारपत्र मिळालेल्या हजारो बांगलादेशी कुटुंबांनी ब्रिटन युरोपीय संघात असताना लंडनची वाट धरली. मुलांचं इंग्रजी शिक्षण, ओळखीचा समाज, जवळची मशीद ही कारणं समजण्यासारखीच आहेत. पण दहा-पंधरा वर्षं थांबून मिळालेलं मतही त्यांच्याबरोबर निघून गेलं.

तेव्हा कोनातेंच्या अपयशाला ‘एकी नाही’ हे नाव देणं मला पटत नाही. मतदारच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील तर एकीने काय होणार? तरीही त्यांच्या प्रयोगाची चिकित्सा करायला हवी. परदेशातून आलेल्या कुटुंबांतली माणसं प्रामुख्याने असलेली स्वतंत्र यादी काढली की विरोधकांना ‘इस्लामी पक्ष आला’ असं म्हणायची आयती संधी मिळते. कोनाते स्वतः सर्वांच्या शहराची भाषा बोलत होते, पण त्यांचं नाव आणि रंग पाहूनच अनेकांनी कान बंद केले. दुसरीकडे, जुन्या डाव्या पक्षांनी या समाजाला मंचावर मानाची जागा दिली असती तर वेगळी यादी काढायची वेळ आली असती का, हाही प्रश्न उरतो. मतं जातील या भीतीने मित्रपक्ष गप्प राहतात आणि त्या गप्प बसण्यानेच मतं जातात. हे मोन्फाल्कोनेपुरतं मर्यादित नाही.

मार्ग नाहीत असं नाही. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत कोणत्याही देशाचा रहिवासी मत देऊ शकतो. स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये ठरावीक वर्षं राहिल्यावर हा हक्क मिळतो. युरोप परिषदेचा 1992चा एक करारच यासाठी आहे. इटलीने त्याला मान्यता दिली, पण मतदानाच्या हक्काचं प्रकरण तेवढं वगळून. जून 2025 मध्ये नागरिकत्वासाठीची 10 वर्षांची अट 5 वर्षांवर आणण्यासाठी सार्वमत झालं. निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान करणं आवश्यक होतं. आले सुमारे 30 टक्के. सार्वमत बाद झालं. आलेल्यांपैकी बहुसंख्यांनी ‘हो’ म्हटलं होतं, ही त्यातली आशा. आणि डिसेंबर 2023 मध्ये नमाजबंदीविरुद्ध इटलीचे झेंडे घेऊन हजारो लोक मोन्फाल्कोनेच्या रस्त्यावर शांतपणे चालले, ही दुसरी. त्या माणसांनी आम्हाला सवलत द्या असं म्हटलं नाही. हे शहर आमचंही आहे, एवढंच म्हटलं.

आता आपल्याकडे वळतो, कारण मत असूनही नसल्यासारखं जगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मराठवाड्यातून, कोकणातून, विदर्भातून शिकायला आणि कामाला पुण्या-मुंबईत, भिवंडीत, औरंगाबादेत आलेल्या तुमच्यापैकी कितीजणांची नावं अजून गावच्या यादीत आहेत? पाणी इथलं, गटार इथलं, कब्रस्तानाच्या जागेचा प्रश्न इथला, आणि मत तिकडे! पत्ता बदलला की मतदार यादीतलं नाव हलवण्यासाठी नमुना 8 भरायचा असतो. मोबाइलवर थोड्या वेळात होणारं काम आहे. मोन्फाल्कोनेतला वेल्डर ज्या कागदासाठी दशकभर थांबतो, तो कागद आपल्याकडे जन्मजात आहे आणि आपण तो कपाटात ठेवून देतो.

मत म्हणजे सगळं नाही, हेही खरं. निवडणूक पाच वर्षांनी येते. वॉर्डाची सभा, शाळेची पालक समिती, कामगार संघटना, माहिती अधिकाराचा अर्ज हे रोजचं काम आहे. मुस्लिम वस्तीच्या गटारासाठी जो तरुण शेजारच्या वस्तीच्या गटारासाठीही अर्ज करतो, त्याला ‘त्यांचा माणूस’ ठरवणं सोपं जात नाही. मोन्फाल्कोनेतही हेच घडावं लागेल: मजुरीसाठी इटालियन आणि बांगलादेशी कामगार एका बाजूला उभे राहिले, तर बाकांचं आणि बुरख्याचं राजकारण आपोआप लंगडं होईल.

महापौर फाझान यांची मुदत संपेल तेव्हा आज तेरा-चौदा वर्षांची असलेली, त्याच शहरात जन्मलेली बरीच मुलं अठरा ओलांडत असतील. नागरिकत्व मागण्यासाठी त्यांच्याकडे एक वर्ष असेल. त्या मुलांना ही मुदत आधीच कुणीतरी सांगायला हवी. घरच्यांनी, शिक्षकांनी, मशिदीतल्या इमामांनी. तिथली पुढची निवडणूक त्या अर्जांपासूनच सुरू होईल.