बागेतील हौदास कोणते कमळ लावावे?

शेतघरापुढे हौद अथवा लहान तळे बांधून त्यात कमळे लावण्याची हौस आपल्या पुष्कळ बागायतदार बंधूंस असते. हौस वाईट नाही. परंतु झाडाची निवड करताना भाद्रपदातले तुडुंब पाणी पाहावयाचे आणि वैशाखाचा विचारच करावयाचा नाही, ही रीत आम्हांस मान्य नाही.

सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबराने या शहरास, म्हणजे तेव्हाच्या खडकीस, भूमिगत नहरीने पाणी आणले. पुढे पाणचक्कीचा हौदही अशाच नहरीवर भरू लागला. आपल्या शेतातील हौदामागे अशी नहर नाही. छत्रपती संभाजीनगराकडे वर्षाकाठी पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. उलट उघड्या पाण्याची वर्षभरात होणारी वाफ याच्या दुपटीहून अधिक. तेव्हा चैत्र-वैशाखात जेवढे पाणी उरते, तीच आपल्या हौदाची खरी खोली समजावी.

बारमाही दीड ते तीन फूट पाणी राखता येत असेल, तर खरे कमळ लावावे. त्यास दिवसातून सहा तास तरी ऊन हवे. दोन फूट रुंद, उथळ कुंडीत चिकण काळी माती व थोडे पुरते कुजलेले शेणखत घालून कंद आडवा ठेवावा. कोंब मात्र मातीबाहेर राहिला पाहिजे. आरंभी कुंडी विटांच्या थरावर ठेवून वर वीतभरच पाणी असू द्यावे. पाने वाढतील तसतशी वीट काढून ती खाली उतरवावी. एकदम खोल पाण्यात टाकलेला कंद बहुधा कुजतो, आणि मग रोपवाल्यास बोल लावला जातो!

गावतळे उन्हाळ्यात आटत असेल, तर पाण्यावर पाने पसरणारी देशी कुमुदे बरी. त्यांचे कंद चिखलात निजून राहतात व पावसाबरोबर पुन्हा फुटतात. शिंगाडाही अशाच तळ्यास शोभेल. भंडारा-गोंदियाकडे त्याचे पीकच घेतात. पावसाळ्यात लावलेल्या शिंगाड्याचे फळ हिवाळ्यात हाती येते, म्हणजे पाणी ओसरण्यापूर्वी त्याचा कारभार आटोपतो.

प्लास्टिक अंथरलेल्या दहा फुटी शेततळ्यात मात्र यांपैकी काहीही लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उतरत्या काठावर कुंडी ठरत नाही, आणि कागद फाटला तर मोसंबीच्या तोंडचे पाणी जाते. त्यापेक्षा विहिरीजवळ तीन फुटी हौद बांधावा व विहिरीचे पाणी त्यातूनच बागेस न्यावे. पाण्याची धार एका कोपऱ्यात पडू द्यावी. कुमुदास खळखळ मानवत नाही. पानांनी निम्मा हौद झाकला म्हणजे पुरे. तेवढ्या सावलीने शेवाळ कमी धरते. डासांसाठी गप्पी मासे सोडावे.

जांभळ्या तुऱ्याची जलपर्णी मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली ही वनस्पती अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते, पाणी उघड्या हौदाहून अधिक उडविते आणि माशांचा श्वास कोंडते. विकत आणलेल्या कमळाच्या मुळांत तिचे एखादे पिल्लू अडकून येते. यास्तव रोप प्रथम टोपल्यात धुऊन पाहावे. सापडलेले पिल्लू बांधावर उन्हात वाळवून जाळावे. ओढ्यात फेकू नये. ओढ्याखाली दुसऱ्याचे तळे असते.