तरुणींचा धोका आधी मोजा

भारतात २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला, असा ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षे आधी गाठतो. तरीही सरकारी तपासणी तिशीनंतर सुरू होते आणि तिचा भर गाठ शोधण्यावर असतो.

सरसकट मॅमोग्राफी हा यावर उपाय नव्हे. तरुण वयात स्तनाच्या ऊती दाट असल्याने गाठ झाकली जाते. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासातही हाताने केलेल्या तपासणीमुळे मृत्यू ठळकपणे घटले ते पन्नाशीपुढच्या गटात.

म्हणून तरुणींचा धोका आधी मोजायला हवा. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी २०२३ साली तिशीतल्या स्त्रियांसाठी असा अभ्यास सुरू केला. प्रश्नावली, लाळेचा नमुना आणि कमी मात्रेचा मॅमोग्राम यांवरून धोका ठरवला जातो.

आपल्याकडे सुरुवात अगदी कमी खर्चात होईल. आशाताई घरोघरी भरून घेतात त्या अर्जात कुटुंबातील रक्तदाब, मधुमेह, हृदयविकाराची विचारणा असते. त्यातच आई, बहीण, मावशी किंवा आत्याला स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का आणि कोणत्या वयात, हे पंचविशीपासूनच विचारावे. आत्याचा उल्लेख हवाच, कारण या कर्करोगांचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातील दोष वडिलांकडूनही येतो.

‘हो’ म्हणणाऱ्या तरुणीला जिल्हा रुग्णालयात समुपदेशन आणि गरजेनुसार जनुक चाचणी मोफत मिळाली पाहिजे. राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी.