आधी रोजाचा हिशेब, मग अंगठा



सोलारसाठी जमीन बघायला येणारा दलाल वाडीवर दोनच गोष्टी बोलतो : भाडं मिळेल आणि पोरांना काम मिळेल. भाड्याचा आकडा त्याला पाठ असतो. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख ठरलेत, ते तो घडाघडा सांगतो. काम किती, असं विचारलं की म्हणतो, "भरपूर!"

आम्ही विचारतो, भरपूर म्हणजे किती रोज? ठेकेदाराकडे याचा कागद असतोच. किती खांब, किती पॅनेल, किती मीटर चर, कशाला किती माणसं नि किती दिवस, हे मांडल्याशिवाय तो टेंडर भरत नाही. मग तो कागद ग्रामसभेत का येत नाही?

चला, आपणच मांडू. १ मेगावॅटला साधारण ५ एकर जमीन लागते. एक पॅनेल ५४० वॅटचं धरलं तर सुमारे १८५० पॅनेल झाली. २८ पॅनेलची एक माळ केली तर ६६ माळा. चार माणसं दिवसाला १०० पॅनेल बसवतात असं धरा : १९ दिवस, ७६ रोज. दोघंजण दिवसाला ५ माळांच्या वायरी जोडतात असं धरा : १४ दिवस, २८ रोज. एकूण १०४ रोज. वाडीतली २० माणसं लागली तर सहा दिवसांत काम खलास! खांब, चर, कुंपण धरून तिप्पट करा, तरी सोळा दिवसांच्या वर जात नाही. जमीन मात्र २५-३० वर्षं अडकते. मागे उरतं काय? गवत कापणं, काचा धुणं, राखणदारी.

त्यातही वायरी जोडायला परवान्याचा वायरमन लागतो. तो बाहेरून येणार. आपल्या हातात पहार नि कुदळ. चर खणायचा दर मीटरवर लावतात. कागदावर मऊ माती धरलेली असते, आपल्या वरकसात दोन फुटांवर कातळ लागतो. तोटा कुणाचा? वीटभट्टीवर हजारामागे दर घेणाऱ्या कातकऱ्यांना हे शिकवायला नको.

वीज आपल्याला नवी नाही. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. डोंगरावरचं पाणी नळातून खाली आलं, वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. आपल्या वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रॉकेलच्या चिमण्या लावल्या. आता सूर्याच्या विजेचंही तेच होऊ द्यायचं का?

दलाल म्हणेल, वनहक्क कायद्यात अपारंपरिक ऊर्जेला जंगलजमीन देता येते. येते, पण ती सरकारने चालवायच्या सोयीसाठी, १ हेक्टरच्या आत आणि ग्रामसभेने शिफारस केली तरच. ५ एकर म्हणजे २ हेक्टर! सातबाऱ्यावरची आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला ५ वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि तिला आधी राज्य सरकारची मान्यता लागते. दलालाच्या स्टँपपेपरवरचा अंगठा ही परवानगी नव्हे.

सूर्याच्या विजेला आमचा विरोध नाही. आमचं म्हणणं एवढंच :

१. रोजांचा कागद मराठीत, ग्रामसभेत, बायांसमोर मोठ्याने वाचा.

२. खणण्याची मजुरी रोजावर द्या, मीटरवर नको. किमान वेतनाखाली एक पैसा चालणार नाही. हजेरीची एक वही वाडीत राहील.

३. आधी वाडीच्या पोरापोरींना वायरमनचं शिक्षण नि परवाना, मग करार. वायरिंगचे किती रोज त्यांना, ते करारात आकड्याने लिहा.

४. दळीचे वनहक्क दावे निकाली निघेपर्यंत जमिनीत एक खांबही रोवायचा नाही.

दलाल आला तर एकट्याने बोलू नका, चार माणसं बसवा. "काम देऊ" म्हणाला की विचारा : किती रोज, कुणाला, काय दराने? उत्तर कागदावर नसेल तर चहा पाजा नि वाटेला लावा.

आधी हिशेब, मग अंगठा!