वाइल्डकॅटचा सोस

मंडळी, आजचा विषय आपल्या नेहमीच्या कोड आणि करिअरपेक्षा जरा लांबचा आहे. टेक्सासात राहायला लागल्यापासून कँटीनच्या गप्पांत क्रिकेटची जागा हरणांच्या सीझनने घेतलीय. मी कामाच्या व्हिसावर, त्यामुळे कायद्यानेच प्रेक्षक. शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर व्हिसावाल्याला बंदूक काय, काडतूसही बाळगता येत नाही. पण प्रेक्षकाला मतं असतातच. तेंडुलकरने कसं खेळावं हे आपण सोफ्यावर बसून सांगायचोच की! :)

तर ग्रीन कार्डवाल्या एका मित्राच्या डोक्यात सध्या कस्टम रायफल बसलीय. तीही साधी नाही, .३०-०६ अ‍ॅक्ली इम्प्रूव्ह्डची. माझं मत एका ओळीत: बांधू नकोस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वाइल्डकॅट म्हणजे ज्या काडतुसाला कारखान्यांनी प्रमाण म्हणून मान्यता दिलेली नाही ते. तयार काडतुसाची पितळी केस घ्यायची, तिची मान बारीक किंवा रुंद करायची, खांद्याचा कोन बदलायचा, जमलं तर आत दारूला (प्यायची नव्हे!) जास्त जागा करायची. पी. ओ. अ‍ॅक्ली या अमेरिकन गनस्मिथने केसचा उतार कमी करून आणि खांदा ४० अंशांचा ठेवून अशा कितीतरी 'सुधारित' आवृत्त्या काढल्या.

आता इंजिनियर आहोत तर गणित करू. दाब तोच ठेवला तर जागा जितके टक्के वाढते, त्याच्या साधारण पाव टक्केच वेग वाढतो, असा एक जुना ठोकताळा आहे. अगदी उदार होऊन जागा १० टक्के वाढली असं धरू. म्हणजे वेग अडीच टक्के. सेकंदाला २८०० फुटांचे झाले २८७०. एवढ्या ७० फुटांचा हिशोब त्या हरणाला कळणार आहे का? आणि कोणी याहून मोठे आकडे सांगत असेल, तर बहुतेक वेळा ती केसच्या आकाराची जादू नसते, त्याने गुपचूप दाब वाढवलेला असतो.

इथेच खरी मेख आहे. .३०-०६ साठी सामी या १९२६ सालच्या अमेरिकी उत्पादक-संस्थेने दाबाची कमाल मर्यादा ६०,००० पीएसआय ठरवलीय. वाइल्डकॅटला असा सगळ्यांनी मान्य केलेला आराखडा नाही. एका गनस्मिथचा रीमर दुसऱ्यासारखा असेलच याची खात्री नाही. घरी दारू भरणाऱ्याकडे दाब मोजायचं यंत्र सहसा नसतं. तो चपटी झालेली प्रायमर आणि जड उघडणारा बोल्ट बघून अंदाज बांधतो. म्हणजे प्रॉडक्शन सर्व्हर कोसळल्यावर लॉग वाचण्यासारखं. फरक एवढाच, की इथे सर्व्हर तुमच्या गालापासून चार इंचांवर आहे.

"पण वाइल्डकॅटवाले नसते तर प्रगतीच झाली नसती!" हा पेटंट युक्तिवाद. अर्धा खरा आहे. .२२-२५० हे वाइल्डकॅटच होतं, १९६५ साली रेमिंग्टनने ते कारखान्यात आणलं. .२५-०६ चंही तेच, १९६९ साली. पण यांनी खरोखरची उणीव भरून काढली, म्हणून ती टिकली. तुझ्या .३०-०६ अ‍ॅक्लीने कुठली उणीव भरून निघते? वेगच हवा असेल तर .३०० विन्चेस्टर मॅग्नम १९६३ पासून दुकानात मिळतंय. लांबचा नेम हवा असेल तर ६.५ क्रीडमूर आहे. आणि गंमत बघा, क्रीडमूरच्या केसमध्ये .३०-०६ पेक्षा कमी दारू मावते! तिथे कमाल मोठ्या केसची नाहीच. ती आहे लांब, निमुळत्या, हवेत वेग टिकवणाऱ्या गोळीची, तिला पुरेसा पीळ देणाऱ्या बॅरलची आणि सहज मिळणाऱ्या चांगल्या फॅक्टरी काडतुसांची.

"अरे, पण माझ्या अ‍ॅक्लीत साधं .३०-०६ पण चालतं!" मान्य. नीट कापलेल्या चेंबरमध्ये ते चालतं, आणि झाडल्यावर केस नवा आकार घेते. पण उलट चालत नाही. त्या केसच्या बुडावर मात्र '.३०-०६' असंच कोरलेलं राहतं! उद्या तुमच्यानंतर ती पेटी मुलाच्या किंवा भाच्याच्या हातात पडली, तर डब्यातलं काय कशात घालायचं हे त्याला कोण सांगणार? बुडावर बरोबर नाव असूनही घोळ होतात. २०११ साली प्रमाण झालेलं .३०० ब्लॅकआउट चुकून .२२३ च्या रायफलमध्ये गेल्यामुळे रायफली फुटल्या आहेत. डॉक्युमेंटेशन न ठेवता कंपनी सोडून गेलेल्या माणसाचा कोड आपण सगळ्यांनी निस्तरलाय. तिथे फक्त शनिवार-रविवार वाया जातो. इथे डोळा जाऊ शकतो.

आणि त्या मुक्या जनावराचंही ऐका जरा. 'जादा पल्ला' हातात आला की माणूस जादा लांबून गोळी टाकायला बघतो. जखमी हरीण झाडीत पळून जातं आणि कुठेतरी हळूहळू मरतं. ते टाळायचा उपाय नव्या चेंबरमध्ये नाही. तो सरावात आहे, आणि "हा शॉट माझा नाही" असं म्हणून बोट ट्रिगरवरून काढण्यात आहे.

मग कस्टम रायफल बांधूच नये का? जरूर बांधा! उत्तम बॅरल घ्या, खांद्याला बसेल असा स्टॉक घ्या, पण चेंबर प्रमाण ठेवा. उरलेल्या पैशांची काडतुसं घेऊन सीझनआधी रेंजवर घाम गाळा.

आणि एवढं ऐकूनही ज्याला वाइल्डकॅटच हवंय, त्याने निदान खरं कारण सांगावं: "मला करून बघायची हौस आहे." हौसेला माझा विरोध नाही, आपणही रात्र-रात्र जागून कोणालाच नको असलेले प्रोग्रॅम लिहितोच. फक्त हौसेला 'परफॉर्मन्स' म्हणू नका. बॅरलवर काडतुसाचं पूर्ण नाव कोरून घ्या, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा, दारू थोडीपासून सुरू करा. एवढी शिस्त जमत नसेल, तर .३०-०६ १९०६ पासून काम करतंय, तुमचंही करेल.

बघा पटतंय का.