दिवा विझण्याआधी त्याचे व्होल्ट मोजा

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपंचायत, भिवापूर, जि. नागपूर.

विषय : सोडियम दिव्यांचे व्होल्ट वेळोवेळी मोजून वहीत ठेवण्याबाबत.

महोदय / महोदया,

सोडियमचा पिवळा दिवा एका रात्रीत मरत नाही. काही महिने आधीपासून तो आपला शेवट कळवत असतो. डोळ्यांना ते दिसत नाही, मीटरला दिसते. एलईडीच्या जमान्यात हे कुठले जुने गाऱ्हाणे, असे आपल्या मनात येईल. पण विदर्भातल्या लहान गावांत हायमास्ट, बाजाराचे आवार, जिनिंगचे अंगण, गोदामाचे फाटक अशा जागी हे दिवे अजून जळतात. आपल्या नोंदवहीतल्या खांबांवर त्यांतले जेवढे उरले असतील तेवढ्यांपुरती ही विनंती आहे. तिचा थोडा भाग एलईडीलाही लागतो, तो पुढे येईलच.

आधी दिव्याच्या पोटात काय चालते ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. बाहेरच्या काचेच्या आत बोटापेक्षा बारीक अशी एक पांढुरकी नळी असते. तापलेले सोडियम काचेला आणि क्वार्ट्झलाही खाते, म्हणून ही नळी अ‍ॅल्युमिनाच्या सिरॅमिकची करावी लागते. उजेड आरपार जाऊ देणारे असे सिरॅमिक अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल यांनी १९५०च्या दशकात बनवले, आणि दिवा बाजारात यायला १९६०च्या दशकाचा मध्य उजाडला. नळीत सोडियम आणि पाऱ्याचे मिश्रण असते, सोबत सुरुवातीच्या ठिणगीसाठी झेनॉन वायू. २५० वॉटचा नवा दिवा गरम होऊन स्थिरावला की त्याच्या दोन टोकांत साधारण १०० व्होल्ट असतात आणि त्यातून सुमारे ३ अ‍ॅम्पिअर वाहतात. ७० वॉटच्या दिव्यावर ९० च्या आसपास. लाइनचे २३० व्होल्ट आणि दिव्याचे १०० व्होल्ट यांतली तफावत चोक सांभाळतो. (चोकवर मोजाल तर १३० नव्हे, १८० च्या आसपास भरतील. मीटर खोटे बोलत नसते. दोन्ही व्होल्टेज एकाच क्षणी शिखरावर जात नाहीत, म्हणून साधी बेरीज चालत नाही.)

आता दिवा म्हातारा होतो म्हणजे काय होते? नळीच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड असतात. त्यांच्यावरचा पदार्थ झिजून नळीच्या भिंतीला चिकटतो आणि टोके काळी पडतात. काळे टोक उष्णता धरते. न उडालेले सोडियम नेमके तिथेच, नळीच्या सर्वांत थंड कोपऱ्यात, साचलेले असते. कोपरा तापला की जास्त वाफ उठते, नळीतला दाब चढतो आणि व्होल्टही चढतात. त्यातच थोडे थोडे सोडियम नळीच्या भिंतीशी आणि इलेक्ट्रोडच्या पदार्थाशी संयोग होऊन कायमचे अडकते. उरलेल्या मिश्रणात पाऱ्याचा वाटा वाढतो, त्यानेही व्होल्ट वरच सरकतात. दर हजार तासांना ही वाढ ढोबळ मानाने १ ते ५ व्होल्ट. रात्री अकरा तासांप्रमाणे वर्षाला चार हजार तास धरले आणि हजार तासांना अडीच व्होल्ट धरले, तर १०० व्होल्टचा दिवा पाच वर्षांत १५० वर पोचतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे कुठे तरी त्याचा शेवट असतो.

शेवट होतो तो असा. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते, म्हणजे प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. प्रत्येक वेळी दिवा क्षणभर विझतो आणि पुन्हा पेटतो. दिव्याचे व्होल्ट जितके जास्त, तितका हा पुन्हा पेटण्याचा चढ उभा. एका वेळी लाइनला तो चढ चढवत नाही आणि दिवा जातो. गरम, दाबाने भरलेल्या नळीत इग्नायटरची, म्हणजे दिवा पेटवून देणाऱ्या उपकरणाची, ठिणगी शिरत नाही. मिनिटभर थंड झाल्यावर दिवा पुन्हा लागतो, पाच-सात मिनिटे गरम होतो, व्होल्ट चढतात, पुन्हा जातो. रात्रभर हेच. एकाच डीपीवर शेतीपंप असतील तर ते सुरू होताना लाइन दबते, आणि काठावर आलेला दिवा नेमका त्या झटक्यात जातो.

रस्त्यावरची माणसे म्हणतात, "लाइट येते न जाते, लूज कनेक्शन हाय जी." इथेच खरी मेख आहे, आणि मुख्यतः तिच्यासाठीच मी हे पत्र लिहीत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमन शिडी घेऊन येतो. लाइन चालू करतो. थंड दिवा लगेच लागतो, झकास उजेड देतो. तो पुरता गरम होण्याआधीच वायरमन पुढच्या खांबाकडे निघतो, तक्रारीपुढे "दुरुस्त" असा शेरा पडतो. रात्री दिवा पुन्हा तसाच. मग पुढच्या फेरीत इग्नायटर बदलला जातो, त्याच्या पुढच्या फेरीत चोक. दोन्ही चांगले होते. दिवा मात्र तोच. तेवढ्यात इग्नायटर दर विझण्याला हजारो व्होल्टचे ठोके मारत राहतो, होल्डरचे आणि वायरचे इन्सुलेशन पोखरतो, आणि आधी खोटा असलेला फॉल्ट शेवटी खरा होतो. म्हातारा दिवा नव्या चोकची किंमतही वसूल करून घेतो, असे माझे मत आहे. माझ्या माहितीतल्या प्रत्येक जुन्या वायरमनला हे ठाऊक आहे. पण दिवसाच्या फेरीत ते सिद्ध करायला त्याच्या हातात काही नसते.

रेल्वेने हे फार पूर्वी ओळखले. सिग्नलच्या दिव्याच्या मागे एक रिले असतो, ईसीआर म्हणतात त्याला. दिव्यातून प्रवाह वाहतो आहे की नाही यावर तो सतत नजर ठेवतो. मुख्य फिलामेंट गेली की दुसरी लागते आणि स्टेशन मास्तरला पॅनेलवर कळते, गाडीला कळण्याच्या आधी. तिथे माणसांचे जीव टांगलेले असतात, म्हणून तेवढा खर्च. आपल्या गल्लीतल्या दिव्याला रिले लावा असे मी म्हणत नाही. एक बरे मीटर आणि एक वही पुरे. शेतकरी विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरवर अ‍ॅम्पिअरचा काटा बघतो आणि काटा जास्त सरकला की मोटर जळायच्या आधी बंद करतो. तीच सवय खांबाला हवी, बस्स.

मोजायचे कसे, ते सांगणे भाग आहे, कारण चुकीच्या पद्धतीने मोजले तर मीटर जाईल आणि माणूसही. हे काम परवानाधारक वायरमनचेच, हातमोजे घालून. दिवा लागल्यावर निदान पंधरा मिनिटे थांबावे, त्याआधीचा आकडा निरर्थक. मीटरवर ट्रू आरएमएस लिहिलेले हवे. दिव्याचे व्होल्टेज साइन लहरीसारखे गोल नसते, माथ्यावर सपाट असते, आणि स्वस्त मीटर त्यावर दहा टक्क्यांपर्यंत जास्त दाखवू शकते. म्हणजे चांगले दिवे आपण फुकट काढून टाकू. मीटर लावलेले असताना दिवा विझला तर इग्नायटरचा ठोका थेट मीटरवर बसतो. म्हणून तीन वायरचा सुपरइम्पोज्ड इग्नायटर असेल तिथे दिव्याच्या टोकावर न मोजता चोक आणि इग्नायटर यांच्या मधल्या टर्मिनलवर, न्यूट्रलच्या समोर मोजावे. आकडा जवळजवळ तोच येतो आणि ठोका तिथे पोचत नाही. आणि प्रत्येक वेळी लाइनचे व्होल्टही शेजारी लिहावे. हे कोणी करत नाही. लाइन वाढली की दिव्याचेही व्होल्ट वाढतात, त्यामुळे २४५ च्या लाइनवर दिसलेला १२५ चा आकडा आणि २१५ च्या लाइनवरचा १२५ यांत फार फरक आहे. दुसरा दिवा जास्त म्हातारा. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी कमी दाबाच्या लाइनला वर-खाली ६ टक्के मुभा दिली होती, २३० वर ती २१६ ते २४४ पर्यंत जाते. खेड्यापाड्यांत संध्याकाळी आणि मध्यरात्री एवढी तफावत पडणे नवल नाही.

चोक-इग्नायटर खांबाच्या पायथ्याच्या पेटीत असतील तर हे सगळे जमिनीवरून होते. फिटिंगमध्ये वरच असतील तर खास त्यासाठी शिडी लावू नका, काच पुसायला चढाल तेव्हाच मोजा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर. आयईसी ६०६६२ या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक वॉटेजसाठी व्होल्ट आणि वॉट यांची चौकट आखलेली आहे, त्यात शिरायची आपल्याला गरज नाही. २५० आणि ४०० वॉटच्या दिव्यांसाठी माझी सूचना साधी आहे: २३० च्या लाइनवर १३० ओलांडले की वहीत तांबडी खूण, १४० ओलांडले की पुढच्या फेरीत दिवा बदलायचा, तो जळत असला तरी. जळता दिवा काढला म्हणून लेखापरीक्षणात कोणी विचारले तर वहीतले पान दाखवता येते.

पाऱ्याच्या निळसर दिव्याला मात्र ही युक्ती चालत नाही. त्याचे व्होल्ट वयाबरोबर फारसे हलत नाहीत, तो विझत नाही, नुसता मंद होत जातो आणि वीज तेवढीच खातो. तो डोळ्यांनी बघूनच काढावा. मेटल हॅलाइडचे व्होल्ट चढतात, पण त्याची क्वार्ट्झची नळी शेवटी फुटूही शकते, त्याला सोडियमइतकी सवलत देऊ नका. सतत जळणारे मेटल हॅलाइड दिवे आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे तरी बंद ठेवावेत असे उत्पादक त्यासाठीच सांगतात.

त्याच फेरीत टाँग टेस्टरने लाइनचा प्रवाहही घ्यावा. २५० वॉटच्या फिटिंगला कपॅसिटर ठीक असेल तर लाइनमधून दीड अ‍ॅम्पिअरच्या आत जातो, कपॅसिटर गेला की तोच ३ वर जातो. उजेड तेवढाच असल्यामुळे खालून कुणालाच कळत नाही.

भिवापूरसाठी हे का, तर इथले दिवे कुणासाठी जळतात ते आपण जाणताच. मिरचीच्या हंगामात सातऱ्यावर, म्हणजे मिरचीच्या आवारात, देठे खुडायला बाया अंधारातच घर सोडतात. आपल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या बायांच्या बोटांची जळजळ आहे. एका बाजूला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य, रस्त्यावर रानडुक्कर आले तर नवल वाटत नाही. साप तर वर्षभराचे. उमरेड-नागभीड रस्त्यावरची जड वाहने वेगळीच. मिणमिणता दिवा परवडतो, पण लागून-विझणारा दिवा वाईट. डोळा उजेडाला सरावतो आणि पुढच्या क्षणी पायाखाली काहीच दिसत नाही. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने सार्वजनिक रस्ते उजळणे हे अनिवार्य कर्तव्यांत धरले आहे. दिवे बसवण्यापुरता त्याचा अर्थ घ्यायचा की ते लागलेले ठेवण्याचाही, हे ठरवायला निदान माझ्यासारख्या माणसाला वकील लागत नाही.

एलईडीबद्दल. त्याच्या दिव्याचे व्होल्ट असे चढत नाहीत, तिथे बहुधा ड्रायव्हर जातो, वळवाच्या विजांनी किंवा आतला कपॅसिटर सुकून. पण एलईडीच्या नियंत्रण पॅनेलवर फेजनिहाय वॉट आणि अ‍ॅम्पिअर दिसतात. रात्री आठला ते उतरवून घेतले तर किती दिवे कमी झाले हे तक्रार येण्याआधी कळते. सोडियमच्या वहीत त्यासाठी मागची चार पाने सोडावीत.

काढलेले दिवे फोडून कचऱ्यात टाकू नयेत, आत पारा असतो. ई-कचऱ्याच्या नियमांत पारा असलेले दिवे येतात, ते खोक्यासकट साठवून नोंदणीकृत पुनर्चक्रकर्त्याकडेच द्यावेत.

मुख्य मागणी मात्र कंत्राटाची आहे. देखभालीचे पैसे दुरुस्त केलेल्या तक्रारीमागे मोजले की आधी बदललेल्या दिव्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत, आणि एकाच खांबावर तीनदा चढणाऱ्याला तिप्पट मिळतात. पुढच्या निविदेत तीन ओळी घालाव्यात. पहिली, प्रत्येक सोडियम दिव्याचे स्थिर व्होल्ट आणि लाइनचे व्होल्ट वर्षातून दोनदा नोंदवून द्यावेत, खांब क्रमांकासह. दुसरी, १४० वर गेलेला दिवा तक्रारीची वाट न बघता बदलावा आणि त्याचे देयक मंजूर व्हावे. तिसरी, लागून-विझणाऱ्या दिव्याची तक्रार रात्री, दिवा वीस मिनिटे चालू ठेवून तपासल्याशिवाय "दुरुस्त" शेरा मारू नये. आपल्या वायरमनांना पहिल्या फेरीत मीटर कुठे लावायचे ते दाखवायला मी विनामोबदला येईन, दिवाळीनंतरची कोणतीही संध्याकाळ चालेल.

आपला,
भिवापूरचा एक निवृत्त वीजतंत्री